काकू कोल्हापूरहून आल्या

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी आमच्या आळीत कुणी भाजी करत नाही. आदल्या दिवशीची भज्जी घरोघरी पातेलंभर उरलेली असते. आपली संपवायच्या आत शेजारणीची चाखायची, असा रिवाज. वाटी घेऊन कुंपणाशी गेले, तर काकू तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलेल्या. आमच्या दोन घरांच्या मधे तारेचं कुंपण आहे. त्यावर काकूंचा घेवडा चढतो आणि शेंगा माझ्या अंगाला लागतात. त्याबद्दल आम्ही दोघीही काही बोलत नाही.

"कवा आलाव, काकू?"

"परवा रातच्याला. सोलापुरात येष्टीच घावंना. उमरग्याच्या गाडीनं पाटीवर उतरले. येळवस चुकवली असती तर तुमचे काका काय बोलले नसते ओ, पन शेतातल्या कोपीत पुजलेले पांडव बोलले असते."

काकूंची लेक कोल्हापुरात दिली आहे, अगदी पेठेत. जावयाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून काकू मदतीला गेल्या होत्या, तीन आठवडे.

"गुडघा कशानं गेला?"

"फुटबॉलनं! खेळायचं सोडून पंधरा वर्सं झाली, आन दुखनं आत्ता बाहेर आलं. बरं, ऑपरेशनच्या अकराव्या दिवशी मानूस कुबडी घेऊन मॅच बघायला गेला."

"अडवलं न्हाई व्हय कुनी?"

"कोन अडवनार? ऑपरेशन केलेला डाक्टरच पुढच्या पायरीवर बसलेला."

मी वाटी कुंपणावरून दिली. काकूंनी बोट घालून चाखली, "अंबाडचुका कमी पडला" म्हणाल्या आणि अर्धी संपवली.

जावयाच्या तालमीचं नाव ऐकून त्यांना आधी वाटलं होतं, तालीम म्हणजे कुस्ती. त्यांचं काय चुकलं? संघांची नावंच बघा की: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. ज्या पेठांनी लाल मातीत शड्डू ठोकले, त्यांनीच तालमीच्या नावानं चेंडू घेतला. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, बालगोपाल, असे सोळा संघ वरच्या गटात आहेत. सामने भरवते कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, तिकडच्या भाषेत नुसतं 'केएसए'. हिवाळ्यात सुरू झालेला मोसम पार उन्हाळाभर चालतो, तोही राजर्षी शाहूंच्या नावाच्या स्टेडियमवर. आपल्याकडं जत्रेला माणूस जमतं तसं तिथं एखाद्या साध्या मंगळवारी जमतं.

"हलगी लावत्यात, वहिनी. गोल झाला की आख्खी पायरी उठती. मी बी उठले. कुनाचा गोल झाला ते मागनं कळलं, दुसऱ्यांचा व्हता. जावयानं हाताला धरून खाली बसवलं."

खरी मजा घरात होती. काकूंचा नातू घरच्या तालमीकडून खेळतो, आणि लेकीची जाऊ पलीकडच्या पेठेतली. तिचा भाऊ तिकडून खेळतो. दोन संघांचा सामना ठरला की घरात दोन दिवस आधीपासून चुलीवर मीठसुद्धा मागून घेत नाहीत.

"मॅचच्या दिवशी जाऊ सकाळीच म्हनती, आईला बरं न्हाई, जाऊन येते. आईला बी बरूबर मॅचच्या तारखेलाच बरं नसतंय! जिंकले तर संध्याकाळी जिलबीचा पुडा आनून वट्यावर ठेवती, तोंडातनं शब्द न्हाई. हरले तर डोकं दुखतंय म्हनून झोपती."

"आन सासू?"

"लई शहानी बाई. दोघींना सारखंच वाढती. पन जिच्याकडचे हरले तिच्या वाटीत तांबडा रस्सा पळीभर जास्त."

काकूंनी शेंगांचं सूप दुसऱ्या मांडीवर घेतलं. मला कळलं, आता मुख्य बातमी येणार. त्यांची हीच खूण आहे.

"त्यांच्या गल्लीत नायजेरियाचा एक पोरगा राहतोय. तिथल्या तालमी परदेशातली पोरं बी आनत्यात खेळायला. ह्या दाराच्या चौकटीएवढा उंच. मला 'आज्जी' म्हनायचा. पांढरा रस्सा प्यायचा आन नाक पुसायचा. रोज संध्याकाळी वट्यावर बसून फोनवर आईशी बोलायचा. भाषा कळंना, पन एक कळलं. बोलता बोलता फोन खाली न्यायचा आन पाय दाखवायचा. हा पाय, तो पाय. वाकडा करून, सरळ करून."

"पाय?"

"व्हय की. आई मागत आसंल. आमची लेक काय निराळं करती? नव्वद मिनिटं मैदानावर बसती, आन घरी आल्यावर इचारा तिला गोल कुनी केला, तर सांगता येत न्हाई. चेंडूकडं बघतच न्हाई ती. पोराच्या पायाकडं बघती. पडला की पदराची गाठ आवळती, उठला की सोडती. मी तिच्या शेजारी बसले व्हते, पदराचा पार बोळा झालेला."

मला राहवलं नाही. म्हटलं, "एक गुडघा घरात आडवा पडलाय आन दुसरा मैदानावर. मग बंद का करत न्हाई ती पोराचं?"

काकूंनी शेंग सोलायची थांबवली. "म्हनलं ना मी तिला. तर म्हनती, आई, ह्यांचा खेळ सुटला ते साल तू बघितलं न्हाईस. घरात मानूस हाय, पन हातपाय कुठं ठेवावं कळत न्हाई. संध्याकाळी पाच वाजले की दारात येऊन हुभं ऱ्हायचं. त्यापरीस गुडघा परवडला."

यावर मी काय बोलणार? शेवग्यावर कावळा ओरडत होता, हमरस्त्यावरून हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांची घरघर चालू होती.

"आपल्याकडं ह्यातलं काय हाय ओ?" थोड्या वेळानं काकूच म्हणाल्या. पण अगदीच काही नाही असं नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक भारतात भरला होता, त्याआधी १५ सप्टेंबरला सगळ्या राज्यात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं सरकारनं ठरवलं. आमच्या धाकटीच्या शाळेतही चेंडू आला. सर नियमांचा छापील कागद हातात धरून मधोमध उभे, आणि पोरी ओढण्या कमरेला बांधून त्यांच्या भोवतीनं पळतायत. आमची उंच, म्हणून तिला गोलीला उभी केली. चार गोल खाल्ले तिनं. त्या रात्री जेवताना मात्र अशी सांगत होती, जणू नळदुर्गचा किल्ला एकटीनं राखला.

महिनाभरात चेंडूत बाभळीचा काटा गेला. मग पोरींनी तेलाचा रिकामा डबा लाथाडला. नागपुरात विजय बारसे सरांना २००१ साली भर पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं दिसली आणि त्यातून झोपडपट्टीतल्या मुलांचा फुटबॉल उभा राहिला. पुढं आपल्या शेजारच्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी त्यावर 'झुंड' सिनेमा काढला. आमच्या पोरींचा डबा बघायला कुणी आलं नाही, भंगारवाला सोडून. चेंडूची अर्धी वाटी कापून मी कोंबड्यांना पाणी ठेवायला घेतली, ती अजून आहे. आणि त्या खेळणाऱ्यांतल्या सात पोरींचा मोबाइलवर ग्रुप आहे, 'गोली' नावाचा. चौघींची लग्नं झाली. एकीचं सासरी काही बिनसलं तेव्हा आईबापाच्या आधी त्या ग्रुपला कळलं होतं. बाकीच्या सहाजणी दुसऱ्या दिवशी तिच्या दारात.

"त्याच विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला नव्हं?" काकू आता माहितगार झाल्या होत्या. "रिक्षावाल्याचं पोरगं. जावई सांगतात, दिल्लीत अमेरिकेनं तीन गोल घातले तरी पेठेत कुनी टीव्ही बंद केला न्हाई."

६ ऑक्टोबरचा तो सामना. भारत फुटबॉलच्या कुठल्याही विश्वचषकात पहिल्यांदाच उतरला होता, तीन शून्यानं हरला. आम्हीही बघितला होता, धाकटीच्या हट्टापायी.

एवढ्यात आमचे हे बाहेर आले. यांचा जीव क्रिकेटवर, तरी फुटबॉल म्हटलं की यांची एकच कहाणी असते, ती सुरू झाली. १८ डिसेंबर २०२२ची रात्र, अर्जेंटिना आणि फ्रान्सची फायनल. अर्जेंटिना दोन शून्यानं पुढं. तेवढ्यात शेतातली थ्री फेज आली, म्हणून हे हरभऱ्याला पाणी द्यायला मोटर चालू करून आले. येऊन बघतात तर दोन-दोन! फ्रान्सच्या एम्बाप्पेनं दोन मिनिटांत दोन गोल फेडले होते. "दोन्ही गोल मोटरीनं खाल्ले," हे गेली काही वर्षं सांगतायत. पुढं तीन-तीन झाले, टायब्रेकरवर मेस्सी जिंकला, ते सगळं यांनी बघितलं. पण त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. न बघितलेले दोन गोलच डोक्यात बसलेत.

"तुमच्या काकाला सांगा," काकू म्हणाल्या, "तेंचा गहू त्याच रात्री वाळला."

त्यांच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. व्हिडिओ कॉल, कोल्हापूर. काकूंनी हात पदराला पुसले, फोन कुंपणाच्या खांबाला टेकवला. मीही तारेवरून वाकले. पलीकडं नातू, केस ओले, गळ्यात हार, मागं हलगी आणि गुलाल. त्याचा आनंद त्या चार बोटांच्या काचेत मावत नव्हता.

"आज्जी, जिंकलो! दोन-एक! हे बघ..." त्यानं चकचकीत करंडक फोनसमोर धरला, एवढा जवळ की बाकी काहीच दिसेना.

"दिसलं, दिसलं," काकू म्हणाल्या. "ते भांडं बाजूला ठेव आन पाय दाखव."