कानावरचं बी आणि हातातला फोन

मोहरीएवढं काळं बी. चिकटपट्टीच्या इवल्याशा चौकोनावर बसवायचं, कानावर ठरावीक जागी चिकटवायचं आणि दिवसातून तीन-चारदा चिमटीत धरून दाबायचं. भूक आवरते, वजन उतरतं, असं पारंपरिक चिनी वैद्यक सांगतं. आता दाबायची आठवण फोन करून देतो.

यात वाईट काय? आठवण करून देण्यात काहीच नाही.

हाँगकाँगमध्ये याची रीतसर चाचणी झाली, २०१९ मध्ये प्रसिद्धही झाली. साठाच्या आसपास माणसं, आठ आठवडे. हे लोकांकडून करवून घेता येतं का, एवढंच बघायचं होतं आणि संशोधकांनी ते शीर्षकातच सांगून टाकलं. काम प्रामाणिक आहे. पण वजन उतरलं तर ते कशानं, बियानं की फोनच्या टोचणीनं? त्यासाठी भलत्याच जागी बी चिकटवलेला मोठा गट लागतो. आणि आठवडे नव्हे, वर्ष-दोन वर्षं लागतात.

रोज काटा बघून आकडा लिहिणारा माणूस चार घास कमी खातोच. कानाला बी असो वा नसो.

चीनला घाई आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. २०२० च्या सरकारी अहवालात ३४.३ टक्के प्रौढ जादा वजनाचे आणि १६.४ टक्के लठ्ठ निघाले. निम्म्याहून अधिक! म्हणून २०२४ मध्ये सरकारनं तीन वर्षांची वजनमोहीम काढली. त्याच वर्षी लठ्ठ प्रौढांसाठी आहाराची मार्गदर्शिका आली. तीत चिनी वैद्यकानुसार लठ्ठपणाचे पाच प्रकार आहेत. कुणाच्या जठरात उष्णता, कुणाच्या अंगात कफ आणि ओलावा, कुणाची प्लीहा दुबळी. ज्याचा जसा प्रकार, तसं त्याचं पथ्य.

त्याच मार्गदर्शिकेत असंही लिहिलंय: रात्रीचं जेवण संध्याकाळी ५ ते ७ मध्ये उरका, सावकाश चावा, रोजच्या ५०० ते १००० कॅलरी कमी करा.

हा सल्ला पाचही प्रकारांना लागू पडतो. मग वजन उतरवण्याचं श्रेय कुणाचं?

प्रकृती ठरवायची तर फोनवर प्रश्नावली आहे. बीजिंगचे वैद्य वांग ची यांनी माणसांच्या नऊ प्रकृती मांडल्या, त्यांचं मानक २००९ मध्ये ठरलं. ६० प्रश्न. ‘अंग जड वाटतं का?’ या धाटणीचे. आपल्याकडे ‘तुमची कफ प्रकृती’ म्हणतात, तसंच. लठ्ठ माणसाला विचारून तो लठ्ठ आहे हे कळलं. पुढे?

पुढे जीभ. कॅमेऱ्यासमोर जीभ काढा, अ‍ॅप तिच्यावरचा थर वाचणार. पण सकाळच्या उन्हात ती गुलाबी दिसते, पिवळ्या दिव्याखाली पिवळी. कॉफी प्यायली असेल तर तपकिरी. वैद्य निदान विचारतो तरी, ‘काय खाल्लंत?’

इथवर फार तर वेळ आणि पैसे जातात. औषधाची पुडी तोंडात गेली की मामला बदलतो.

ब्रुसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या केंद्रानं १९९० मध्ये आपल्या गोळ्यांत चिनी वनस्पती घातल्या. पाठोपाठ तरुण, धडधाकट बायकांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. स्टेफानिया या वनस्पतीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया आली होती. चिनी नावं जवळपास सारखी, गुणधर्म मात्र मूत्रपिंड जाळणारे. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. रुग्णांची संख्या शंभराच्या वर गेली. पुढे यांतल्या ३९ जणांची निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या काढून तपासल्या, तेव्हा १८ जणांना मूत्रमार्गाचा कर्करोग निघाला.

त्या बायकांच्या हातात तेव्हा आजचं अ‍ॅप असतं तर? वजनाचा आलेख खाली उतरताना दिसला असता. शाबासकीही मिळाली असती.

मूत्रपिंड वजनकाट्यावर दिसत नाही.

हे जुनं झालं म्हणता? सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयाला धोका म्हणून २०१० मध्ये अमेरिका, युरोप आणि चीनच्याही बाजारातून गेलं. त्यानंतरही ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते सापडत राहिलं. हाँगकाँगचा आरोग्य विभाग पुनःपुन्हा इशारे देतो आहे. या गोळ्या विकल्या जातात ऑनलाइन. म्हणजे फोनवरच.

तेव्हा फोन आणि काढा यांची जोडी जमवणाऱ्यांनो, पावलं आणि घास मोजून झाले. आता पुडीत कुठली वनस्पती आहे आणि ती कुठल्या प्रयोगशाळेनं तपासली, ते पडद्यावर दाखवा. घेणाऱ्याचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तब्येत सांगणारा रक्तातला आकडा, दर महिन्याला भरून घ्या. ते चढलं की पुढची पुडी रोखणारं अ‍ॅप बनवा. त्याची जाहिरात मी या सदरात फुकट करीन.