पौर्णिमा, पाऊस आणि पायमोजे

साडू हा माणूस सहलीला जरूर बरोबर असावा, सहलीच्या नियोजनाला मात्र असू नये. आमच्या साडूंनी श्रीलंकेचा अख्खा कार्यक्रम एका चहात आखून टाकला. देश महाराष्ट्राच्या जेमतेम एक पंचमांश, 'म्हणजे आपले पाच-सात जिल्हे!' सकाळी कोलंबो, दुपारी कँडी, संध्याकाळी समुद्रात पाय. कोलंबोहून डोंगरातल्या एल्लाला दोनशे किलोमीटरच आहेत, पण रस्ता वळणावळणाचा, पाच-सहा तास सहज जातात, असं मी म्हटलं. साडूंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "अहो, ड्रायव्हरला नुसतं सांगायचं, जरा दाब म्हणून."

मुलांच्या शाळेमुळे मे महिना ठरलेला होता. साडूंच्या डोळ्यांसमोर बेंटोटाचा किनारा, माडाखाली आरामखुर्ची आणि हातात काहीतरी थंड. आता गंमत अशी, की या एवढ्याशा बेटाला दोन पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिम-दक्षिण किनाऱ्याला आणि डोंगराच्या त्या अंगाला झोडपतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा पाऊस उत्तर-पूर्वेला. मध्ये डोंगर. महाबळेश्वरला छत्री उलटी होत असताना फलटणला लोक आभाळाकडे बघत बसतात, त्यातलाच प्रकार. म्हणजे मेमध्ये समुद्र हवा असेल तर पलीकडे त्रिंकोमालीला जायचं. साडू म्हणाले, "पण फोटोत बेंटोटाला ऊनच आहे." फोटो जानेवारीतला होता. हॉटेलवाले पावसात फोटो कशाला काढतील?

पावसाचं कसंबसं पटवलं तेवढ्यात चंद्र मध्ये आला. श्रीलंकेत दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, तिला पोया म्हणतात. 1966पासून काही वर्षं तर सरकारने शनिवार-रविवारची सुट्टी रद्द करून चंद्राच्या कलांप्रमाणे साप्ताहिक सुट्टी दिली होती. म्हणजे कारकुनाने 'पुढच्या आठवड्यात कधी भेटू?' असं विचारलं, की साहेब खिडकीतून आभाळाकडे बघत असणार. पोयाला दारूविक्री बंद, मांसविक्रीही बंद. आणि मेमधली पौर्णिमा म्हणजे वेसाक, आपली बुद्धपौर्णिमा, सर्वांत मोठी. तेव्हा हे सगळं दोन-दोन दिवस बंद.

साडूंनी मोबाइलवर पोयाच्या तारखा शोधायला घेतल्या. एका ठिकाणी गेल्या वर्षीच्या निघाल्या, दुसरीकडे थायलंडच्या. आई आतून म्हणाली, "अरे, पौर्णिमाच बघायची ना? मग ते कशाला उघडताय?" आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून तिने मांडीवर घेतलं. मिनिटभरात तिने बुद्धपौर्णिमा सांगितली, पुढची सांगितली, अधिक महिना आला तर काय होतं तेही विचारलं. अधिक महिना तिथेही असतो आणि त्या पौर्णिमेला अधिपोया म्हणतात हे कळल्यावर श्रीलंकेबद्दलचं तिचं मत एकदम सुधारलं. तोवर ती त्या देशाला रावणाचं घर म्हणूनच ओळखत होती आणि नुवारा एलियाजवळचं सीतेचं देऊळ एवढी एकच तिची मागणी होती.

साडूंनी पौर्णिमा टाळून तारखा सुचवल्या. आईने मात्र पौर्णिमेच्याच धरून ठेवल्या. कारण वेसाकला घराघरांवर बांबू-कागदाचे कंदील लागतात. फोटो पाहून ती म्हणाली, "हे तर आपले आकाशकंदील!" शिवाय रस्तोरस्ती दानसल, म्हणजे येईल त्याला फुकट जेवण. भात, सरबत, कुठे आइस्क्रीमसुद्धा. 'फुकट' ऐकल्यावर मेहुणीने नवऱ्याची बाजू सोडली. चार विरुद्ध एक अशा मतांनी पौर्णिमा मंजूर झाली.

या चर्चेच्या मधल्या काळात मला धर्मानंद कोसंबींची फार आठवण यायची. गोव्यातला हा तरुण 1902 साली पाली शिकायच्या ध्यासाने, बहुतेक भिक्षेवर आणि भल्या माणसांच्या मदतीवर मजल दरमजल करत लंकेत पोचला आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात श्रामणेर झाला. त्यांना साडू बरोबर नव्हते, हा त्यातला महत्त्वाचा भाग असावा.

मग कपडे. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला-टोपी बाहेर, बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. साडूंनी मात्र वातावरणनिर्मितीसाठी छातीवर ध्यानस्थ बुद्ध छापलेला टीशर्ट आधीच आणला होता. मी त्यांना सांगितलं, की 2014मध्ये दंडावर बुद्धाचं गोंदण असलेल्या एका ब्रिटिश बाईंना तिथून परत पाठवलं होतं. पुढे तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भरपाई देवविली, ती गोष्ट वेगळी.

"किती?" साडूंनी विचारलं.

टीशर्ट बायकोने काढून घेतला.

खाण्याच्या बाबतीत मी निर्धास्त होतो. भात, नारळ, फणसाची भाजी, परिप्पु नावाचं नारळाच्या दुधातलं वरण, आप्पे नव्हेत पण त्यांचे मोठे चुलतभाऊ शोभतील असे आप्प, वर म्हशीचं दही आणि माडाच्या जातीतल्या कितुलची काकवी. कोकणी माणसाला यात परकं काय? फक्त एक भानगड. खोबऱ्याच्या लालभडक चटणीत, पोल सांबोलात, उंबलकड घालतात, म्हणजे वाळवून टणक केलेला मासा. चटणी बघून शाकाहारी माणसाला संशयसुद्धा येत नाही. आईने हे ऐकून घेतलं आणि मेतकुटाचा डबा दुप्पट मोठा काढला.

पैशांचा हिशेब साडूंकडे दिला, कारण त्यात त्यांना आनंद होता. आपल्या एका रुपयाला तिथले तीनाहून जास्त मिळतात, त्यामुळे काही दिवस ते घरात सावकारासारखे वावरत होते. मग सिगिरियाच्या कातळाचं तिकीट डॉलरमध्ये निघालं. सार्क देशांच्या नागरिकांना तिथे सवलत मिळते, मात्र पासपोर्ट दाखवावा लागतो. पाचव्या शतकात काश्यप राजाने बापाला मारून, भावाच्या भीतीने त्या कातळावर राजवाडा बांधला. वर जायला बाराशेच्या आसपास पायऱ्या. मेहुणीने विचारलं, "लिफ्ट?" काश्यपाने केली नाही, असं सांगितलं.

शेवटी सामानाची यादी. अनुराधापूरच्या रुवनवेलिसाय स्तूपाभोवती अनवाणी चालायचं, आणि दुपारी ती फरशी तव्यासारखी तापते; पायमोजे चालतात, तेव्हा सुती मोजे. नुवारा एलिया जवळजवळ 1900 मीटरवर, रात्री हुडहुडी, लोकरीचे मोजे. सिंहराजाच्या जंगलात पावसात जळवा. त्यासाठी गुडघ्यापर्यंत येणारे, घट्ट विणीचे खास मोजे. उष्ण कटिबंधातल्या सहलीची आमची खरेदी ही एवढीच.

दुकानदाराने काउंटरवर तिन्ही जातींचे मोजे सहा माणसांच्या हिशेबाने रचले आणि विचारलं, "काश्मीर का?"

"श्रीलंका," मी म्हटलं.

त्याने लोकरीचे मोजे हळूच मागे घेतले. साडूंनी ते पुन्हा पुढे ओढले आणि म्हणाले, "राहू द्या हो. आणि अर्ध्या चड्ड्या परत घेता का?"