मयत इसम आणि दार्जिलिंग

लॉरा चाइल्ड्सबाईंच्या ‘डेथ बाय दार्जिलिंग’ (2001) या कादंबरीतला खुनी मी पहिल्या काही पानांतच ओळखला. माझी पद्धत सोपी आहे. जे पात्र येईल त्याच्यावर संशय घ्यायचा. शेवटी खुनी त्यांच्यातलाच कुणीतरी निघतो आणि ‘सांगितलं नव्हतं?’ म्हणायला मी मोकळा! नायिका थिओडोसियाच्या ‘अर्ल ग्रे’ नावाच्या कुत्र्यालाही मी सोडलं नव्हतं.

कादंबरी घडते त्या अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या ईस्ट बे स्ट्रीटवर तेरा घरांची रंगीत रांग आहे. अशा शहरात खून व्हायचा तोही रंगसंगती सांभाळूनच. रक्त नाही, शिवीगाळ नाही. बागेत एक माणूस मरून पडलाय आणि हातात थिओडोसियाच्या चहाचा कप. मयत इसम बिल्डर. वाचकाला फार दुःख होऊ नये म्हणून घेतलेली ही काळजी पुण्यात विशेष पोचते.

पण आमच्याकडे हा खून जमलाच नसता. थिओडोसियाच्या चहाच्या दुकानातला ड्रेटन म्हणजे चहातला दर्दी, पानागणिक पाण्याचा ताप सांभाळणारा. आमच्याकडे एकच पातेलं. त्यात आलं, गवती चहा, दूध, साखर घालून आणि तीनदा वर आणून जे उरतं, तो चहा. विष घालायचं तर पाहुण्यांसकट अख्ख्या घराला घालावं लागेल. वेगळा कप होतो तो फक्त बिनसाखरेचा. म्हणजे महाराष्ट्रात चहातून मरणार ते मधुमेहीच. ‘मला अर्धाच’ म्हणणारे अर्धमेले होतील आणि ‘नको नको, आत्ताच झाला’ म्हणणाऱ्याला पोलीस आधी उचलतील. शिवाय शेवटच्या घोटालाही आत्या म्हणेल, ‘आलं जरा जास्त झालंय.’

थिओडोसियाच्या दुकानाचं नाव मात्र ‘इंडिगो’, म्हणजे नीळ. त्या भागात 1740च्या दशकात एलायझा लुकासने निळीचं पीक यशस्वी केलं. शेतात राबले ते गुलाम. पुढे अमेरिका स्वतंत्र झाली आणि इंग्रजांच्या निळीचा धंदा बंगालमध्ये फोफावला. तिथली रयत 1859 मध्ये उठली, ती उगाच नव्हे. या निळीपायी मेलेल्यांची नावं कुठल्याच शेवटच्या प्रकरणात उलगडत नाहीत. खुनी कोण, ते तर सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. बाईंना काय बोलणार? मीही हे सगळं बिस्किटं बुडवत वाचत होतो.

पुस्तकाच्या शेवटी पाककृती आहेत. बायकोने वाचायला सुरुवात तिथूनच केली, आणि पाककृतींच्या अलीकडच्याच पानांत खुनी बसलेला. म्हणजे तिला तो पहिल्याच दिवशी भेटला. मी रोज जेवताना संशयितांची यादी वाचून दाखवायचो. ती सगळं ऐकून घ्यायची, आणि एखाद्या नावावर नुसतं म्हणायची, ‘हा नसेल हो.’

त्याला मी लगेच यादीत पहिल्या नंबरावर घ्यायचो.