घंटा वाजते, वाजू दे

चालकाला मदत करणारी यंत्रणा असलेली नवी गाडी पुण्याच्या लक्ष्मी रोडवर आणा. एवढी महागडी वस्तू इतकी भित्री कशी, असा प्रश्न पडेल. डावीकडून रिक्षा घुसली, टुंग. एकेरी रस्त्यावर उलटी स्कूटर आली, टुंग टुंग. नव्याने नेमलेला वॉचमन सोसायटीच्या चेअरमनलाही शिट्टी मारतो, तसलाच हा उत्साह.

यंत्राचा हिशेब तसा चोख असतो. समोरच्या वाहनाचं अंतर आणि आपण त्याच्या जवळ जाण्याचा वेग, यावरून टक्कर किती सेकंदांवर आहे ते काढायचं आणि आकडा फार खाली आला की कोकलायचं. फक्त या हिशेबात रिक्षावाला धरलेला नाही. तो टक्कर अगदी तोंडाशी आणतो आणि मग वळतो. लेन सोडल्याचा इशारा देणारा कॅमेरा मात्र शहरात शांत असतो, कारण शोधायला पट्टेच नाहीत.

सरकारी घंटेची तर गोष्टच वेगळी. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत ती सक्तीची आहे. ताशी 80 किलोमीटर ओलांडले की मधूनमधून आणि 120 च्या पुढे सतत वाजते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना 100 ची मुभा आहे. म्हणजे कायदा पाळणाऱ्यालाही कायद्याचीच घंटा हटकणार!

टकरीच्या खोट्या इशाऱ्यांवर इंजिनिअरांकडे उपाय आहेत. रडार आणि कॅमेरा दोघांचं एकमत झाल्यावरच ओरडायचं, चालकाचा पाय आधीच ब्रेकवर असेल तर तोंड मिटायचं. पण हे सगळं वेळखाऊ. त्यापेक्षा आपला देशी उपाय स्वस्त: सीटबेल्टची घंटा वाजली तर त्याच्या खाचेत खोटी क्लिप खुपसायची, की बेल्ट लावल्याचं समाधान गाडीला आणि शांतता आपल्याला. या क्लिपा इतक्या खपत होत्या, की 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना त्या काढायला लावल्या. 13,118 जाहिराती उतरल्या. खोटी घंटा कमी करायची राहिली आणि खरी घंटा गप्प करण्याचा धंदा मात्र उभा राहिला.

तेव्हा कंपन्यांनो, गाडी विकण्याआधी गणपतीच्या खरेदीच्या दिवसांत संध्याकाळी लक्ष्मी रोडवर फिरवा आणि फुकट गेलेली प्रत्येक टुंग मोजा. सरकारने 80 ची घंटा त्या-त्या रस्त्याच्या वेगमर्यादेला बांधावी. आणि वाचकहो, तोवर इशाऱ्याचं अंतर सेटिंगमध्ये कमी करता येत असेल तर करा, पण यंत्रणा बंद करू नका.