विमान सुटेपर्यंत सिंगापूर

मुंबईहून मेलबर्नला लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या जोडप्याला सिंगापुरात आठ-नऊ तासांचा लेओव्हर मिळाला, की जागच्या जागी दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ‘इथंच निवांत बसू. फुलपाखरांची बाग आहे, गालिचे आहेत, स्वच्छ संडास आहेत.’ दुसरा म्हणतो, ‘आलोच आहोत तर गाव बघून येऊ.’ आजवर दुसराच पक्ष जिंकत आलेला आहे, कारण तिकिटाला मोजलेले पैसे त्याच्या बाजूनं साक्ष देतात. प्रस्तुत मार्गदर्शन या विजयी पक्षासाठी आहे. पहिल्या पक्षानं हँडबॅगा धरून मागोमाग यावं.

सर्वप्रथम वजाबाकी. लेओव्हर नऊ तासांचा असला, तरी नऊ तास तुमचे नव्हेत. विमान थांबल्यावर सगळे जण ताडकन उभे राहतात आणि मग पंधरा मिनिटं तसेच वाकून उभे असतात. ती पंधरा मिनिटं वजा. इमिग्रेशनची रांग वजा. शहरात जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. सुटण्याच्या वेळेआधी दोन तास विमानतळावर परतायचं. मध्ये कुणाला तरी ‘जाऊन यायचं’ असतंच. हातात उरतात चार तास, त्यातही अर्धा तास ‘आपलं गेट बदललं तर नाही ना’ या चर्चेत जातो. चार तासांत सिंगापूर होत नाही असं जाणकार म्हणतात. पण अष्टविनायक दोन दिवसांत उरकणाऱ्यांना त्यांनी हे सांगू नये.

घड्याळाचा बंदोबस्त आधीच करा. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे आहे. फोन आपोआप सुधारतो, मनगटावरचं घड्याळ सुधारत नाही, आणि ते मुद्दाम भारताच्या वेळेवर ठेवणारे गृहस्थ प्रत्येक घरात एक तरी असतात. (‘घरी फोन करायला बरं पडतं.’) गृहिणीच्या डोक्यात तोवर मेलबर्नची वेळ सुरू झालेली असते, कारण लेकीची तारीख जवळ आलेली. एका जोडप्याकडे अशा तीन वेळा असणं धोक्याचं आहे. घड्याळ पर्समध्ये जमा करून घ्यावं. थोडा रुसवा होईल, तो शहरात उतरेपर्यंत ओसरतो.

आता कागद. भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो. मात्र तुम्ही तिसऱ्या देशात निघाला असाल, पुढचं पक्कं तिकीट हाती असेल आणि ऑस्ट्रेलिया, अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, जपान अशा ठरावीक देशांपैकी एकाचा चालू व्हिसा असेल, तर ९६ तासांपर्यंत व्हिसाविना बाहेर पडण्याची सवलत आहे. अटी निघण्यापूर्वी सिंगापूर सरकारच्या संकेतस्थळावर ताज्या वाचा. प्रवेश द्यायचा की नाही, हे शेवटी समोरचा अधिकारीच ठरवतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा पासपोर्टवर शिक्का नसतो, तो नुसता ई-मेलनं येतो. म्हणून त्याची छापील प्रत जवळ असू द्या. ज्या प्लास्टिकच्या फोल्डरवरून मुलं वर्षानुवर्षं तुमची चेष्टा करत आली, त्याचा हाच सुवर्णक्षण. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नव्हे.

अधिकाऱ्यानं ‘कुठे निघालात?’ असं विचारलं तर ‘मेलबर्न’ एवढंच सांगावं. बँकेतून कधी निवृत्त झालो, जावई कुठल्या कंपनीत आहे आणि मुलीला सातव्या महिन्यात किती त्रास झाला, हे त्यानं विचारलेलं नसतं.

एका वस्तूचा निकाल मात्र रांगेत लागण्यापूर्वी लावायला हवा. खिशातली तंबाखूची पुडी. चघळण्याचा तंबाखू सिंगापुरात आणायला बंदी आहे आणि च्युइंगगमच्या आयातीवर १९९२ पासून. ‘एवढ्याशा पुडीला कोण विचारतंय’ हा युक्तिवाद आपल्याकडचा आहे, तो तिथं चालत नाही.

पोशाखाबद्दल. जूनमध्ये मेलबर्नला थंडी, म्हणून मंडळी मुंबईतूनच स्वेटर, मोजे आणि कानटोपी चढवून निघतात. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम १३७ किलोमीटरवर आहे. तिथं वर्षभर उकडतं आणि कधीही पाऊस कोसळतो. सामान ठेवण्याची सशुल्क सोय विमानतळावर आहे, तिथं लोकर जमा करा. ‘शंभर मीटरच तर चालायचंय’ म्हणून थर्मल घालून निघालेला माणूस तोंडातून पाणी सोडणाऱ्या मर्लायनच्या पुतळ्यापाशी पोहोचतो तेव्हा दोघांच्याही अंगातून सारखंच पाणी वाहत असतं.

इथं प्रामाणिक सल्ला द्यायचा तर असा, की चांगी विमानतळाकडूनच लेओव्हरवाल्यांसाठी शहराची फुकट सहल निघते. किमान साडेपाच तास आणि चोवीस तासांच्या आत थांबा असणाऱ्यांसाठी; अडीच तासांची; बस, गाइड सगळं त्यांचं. बाहेर पडण्याच्या व्हिसाच्या अटी अर्थात तिलाही लागू. गाइड डोकी मोजतो आणि वेळेत परत आणून सोडतो. याहून शहाणा मार्ग नाही. म्हणूनच आपला विजयी पक्ष तो नाकारतो: ‘बसच्या काचेतून काय दिसतं?’

तर मग मेट्रो. तिथं तिला एमआरटी म्हणतात. तिकीट काढावं लागत नाही, बँकेचं कार्ड दारावर टेकवलं की झालं. पण एका कार्डावर एकच माणूस जातो. आधी स्वतः आत जाऊन मग तेच कार्ड बायकोसाठी मागे हात करून टेकवणाऱ्या गृहस्थांना ते दार दाद देत नाही, आणि मागे रांग थांबते. तानाह मेराह स्टेशनला गाडी बदला, रॅफल्स प्लेसला उतरा. डब्यातल्या पाट्या वाचा. खाण्यापिण्याला ५०० डॉलरपर्यंत दंड आहे, धूम्रपानाला १००० पर्यंत. ड्युरियन फळ आणायचं नाही, त्यापुढे मात्र रक्कम लिहिलेली नाही, वासच पुरेसा असावा. ‘एक लाडू घे, सकाळपासून पोटात काही नाही’ असं म्हणत डबा उघडण्यापूर्वी हिशेब करा: तो दाण्याचा लाडू तीस हजार रुपयांच्या वर जातो.

आता पाहायचं काय? भाच्यानं व्हॉट्सअॅपवर सात ठिकाणांची यादी पाठवलेली असेल. तिच्यातली सहा निर्दयपणे खोडा. मर्लायन राहू द्या, कारण फोटो तिथलाच मागितला जाणार. वर सिंह, खाली मासा, ८.६ मीटर उंच, वजन ७० टन. पुराणात त्याला शोधू नका. १९६४ साली पर्यटन मंडळाचं बोधचिन्ह म्हणून तो कागदावर जन्मला आणि १९७२ साली पुतळा होऊन उभा राहिला. त्याच्या तोंडातून पडणारी धार आपल्या ओंजळीत पडते आहे असा फोटो प्रत्येक जण काढतो. तोही काढा आणि मोकळे व्हा.

दुसरं ठिकाण भाच्याच्या यादीत नसतं. मर्लायनकडून ज्युबिली पूल ओलांडून एस्प्लनेड पार्कमध्ये या. तिथं आझाद हिंद सेनेची एक साधीशी खूण आहे. जुलै १९४५ मध्ये सुभाषबाबूंनी इथं सेनेच्या हुतात्म्यांच्या स्मारकाची कोनशिला बसवली. सप्टेंबरात ब्रिटिश परत आले आणि त्यांनी पहिल्या काही दिवसांतच ते स्मारक उडवून दिलं. ‘इत्तेफाक, एतमाद, कुर्बानी’ हे त्यावरचे शब्द होते. आजची खूण १९९५ सालची. रस्त्यापलीकडचं हिरवं मैदान म्हणजे पदांग. ५ जुलै १९४३ रोजी याच मैदानावर नेताजींनी सेनेची पाहणी केली आणि ‘चलो दिल्ली’ची हाक दिली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला आझाद हिंद सरकारची घोषणा झाली ती इथल्याच कॅथे चित्रपटगृहात. मर्लायनपुढे आपली माणसं दाटीवाटीनं उभी असतात आणि चालत जाण्याएवढ्या अंतरावरच्या या दगडापाशी शुकशुकाट असतो. शाळेत नेताजींवर निबंध लिहिलेल्या पिढीनं इथं दहा मिनिटं द्यायला हरकत नाही. फोटो काढला नाही तरी चालेल.

भूक लागल्यावर लिटल इंडियाकडे पाय वळतात. वळू द्या, पण सावध राहा. सेरंगून रोडवर १९४७ पासूनचं कोमला विलास आहे. डोसा समोर येतो, पाठीला खुर्ची मिळते आणि गृहिणी समाधानानं म्हणते, ‘अगदी आपल्या माटुंग्यासारखं.’ हे वाक्य ऐकू आलं की बिल मागवा. इथून पुढे चहा, पान आणि ‘मुस्तफामध्ये जरा डोकावू’ असा उतार लागतो, आणि मुस्तफा सेंटर या दुकानात जरा डोकावलेला माणूस तासाभरात बाहेर आल्याचं कुणी पाहिलेलं नाही. लिटल इंडिया स्टेशनवरून डाउनटाउन लाइननं एक्स्पो, तिथं गाडी बदलून थेट चांगी.

परतल्यावर वेळ उरलाच, तर ज्युएल. ४० मीटर उंचीवरून छतातून कोसळणारा तिथला धबधबा टर्मिनल १ ला लागून आहे, पण इमिग्रेशनच्या बाहेर. आत गेलात की तो हुकला. ज्या वास्तुविशारदानं मरीना बे सँड्स हॉटेलचे तीन मनोरे आणि वरची ती नाव उभारली, त्याच मोशे साफदींचं हे काम. चेक-इनच्या वेळी बॅगा थेट मेलबर्नच्या टॅगनं गेल्या असतील तर त्यांची चौकशी करत फिरू नका, त्या तुमच्याहून शिस्तीत प्रवास करतात. चांगीच्या बहुतेक टर्मिनलांत सुरक्षा तपासणी गेटपाशी असते, तेव्हा पाण्याची बाटली तिथं जाण्याआधी रिकामी करा. लाडवांचा उरलेला डबा मेलबर्नला उतरताना कार्डावर न विसरता जाहीर करा. तिथले लोक लाडवाकडे प्रेमानं पाहत नाहीत. आणि उरलेली सिंगापुरी नाणी फेकू नका. भारतात ती कुणी बदलून देत नाही, पण नातवंड सहा महिन्यांचं झालं की परतीच्या वाटेवर सिंगापूर पुन्हा आहेच.