कागदोपत्री तरलेले

क्रूझवरून उतरलेला माणूस पुढचे पंधरा दिवस जमिनीवर येत नाही. तो टिपा देत फिरतो. खोली खालच्या मजल्यावर, मधोमध घ्या; तिथे हेलकावे कमी, बोट लागत नाही. बॅलार्ड पिअर सोडलं की मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क परस्पर पकडतो आणि बिल घरी आल्यावर कळतं. इस्त्री नेऊ नका, दारातच काढून घेतात. इथपर्यंत माणूस उपयोगाचं बोलत असतो.

मग तो खुर्ची पुढे ओढतो आणि आवाज खाली आणतो. "निघायच्या आधी ते एक ड्रिल असतं बघा. सगळ्यांना बोलावतात. आपण जायचं नाही. तेवढ्यात वर जाऊन पूलजवळच्या दोन खुर्च्यांवर टॉवेल टाकून यायचे."

आणि हजेरी? कार्ड स्कॅन करतात त्याचं काय?

"कार्ड हिच्याकडे दिलं होतं. त्या गर्दीत कोण चेहरे बघतंय?"

म्हणजे प्रॉक्सी. कॉलेजात तासाला लावायचे तीच, आता लाइफबोटीला. एसटीच्या खिडकीतून रुमाल फेकून जागा धरणाऱ्या घराण्याचा हा वारस समुद्रावर पोहोचला, एवढंच. आता हिशोब बघा. सात आखूड भोंगे आणि एक लांब, म्हणजे काय समजायचं, ते वहिनींना माहीत. कुठल्या जिन्यानं उतरायचं, जॅकेटचा पट्टा कुठून कुठे न्यायचा, हेही वहिनींना माहीत. ह्यांना माहीत काय, तर डावीकडच्या तिसऱ्या खुर्चीवर चारनंतर सावली येते. उद्या खरंच तसा भोंगा वाजला, तर जहाजाच्या दप्तरी हे गृहस्थ अत्यंत तयारीचे प्रवासी. ड्रिल झालेलं, जागा माहीत, जॅकेट कसं बांधायचं तेही शिकलेले. प्रत्यक्षात ते वरच्या डेकवर ओला टॉवेल छातीशी धरून उभे, आणि शेजारच्या खुर्चीवाल्याला विचारताहेत, "हे कसले भोंगे हो? जेवणाचे का?" खाली वहिनी बोटीत चढताहेत. हातात दोन कार्डं. खलाशी विचारतो, दुसरे कुठे आहेत? वहिनी काय सांगणार? सवयीनं म्हणतील, "आलेत की, हे काय कार्ड."

ही टीप ऐकून लोक हसतात, कुणी तर लिहून घेतो. माझं डोकं फिरतं ते इथे.

17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट ह्याच पाण्यात बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. लाटेनं बोट कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट उलटली. किनारा फार लांब नव्हता, तरी मुंबईला पत्ता लागायला कित्येक तास गेले. कुठे उभं राहायचं, कुणाचं ऐकायचं, हे त्या बिचाऱ्यांना सांगितलं कुणी होतं? तुम्हाला सांगतात, पंख्याखाली उभं करून सांगतात, तर तुम्ही टॉवेल वाळत घालायला जाता! आणि हे निघायच्या आधीच का सांगतात, माहीत आहे? 2012 साली इटलीच्या किनाऱ्याजवळ एक क्रूझ खडकाला लागून आडवी झाली, 32 माणसं दगावली. त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांचं ड्रिल व्हायचंच होतं. ते दुसऱ्या दिवशी ठेवलं होतं. त्यानंतर नियम बदलला. जहाज सुटायच्या आधी, फार तर सुटल्या सुटल्या, ड्रिल झालंच पाहिजे. तुमच्या सुट्टीतली जी थोडी मिनिटं वाया गेली म्हणता ना, त्यांची किंमत दुसऱ्यांनी भरून ठेवलेली आहे. ती तिकिटात धरलेली नाही, म्हणून तुम्हाला फुकट वाटते. बुफेत मात्र पनीरच्या तुकड्यागणिक भाडं वसूल करता.

असो. हे मी त्यांना सुनावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पुढच्या हिवाळ्यात लक्षद्वीपचं बुकिंग केल्याचं सांगितलं आणि एक टीप खास माझ्यासाठी म्हणून दिली: खोलीच्या कपाटात केशरी जॅकेटं कोंबलेली असतात, ती आल्या आल्या पलंगाखाली ढकलायची, मोठी बॅग आरामात बसते.