प्ले स्टोअरची खोती

2024 च्या 1 मार्चला, ऐन लग्नसराईत, गुगलने शादी डॉट कॉम आणि भारत मॅट्रिमोनीला प्ले स्टोअरवरून उठवलं. सोबत नोकरी डॉट कॉमही गेलं. म्हणजे पोरगी नाही आणि नोकरीही नाही. खेडच्या भरणे नाक्यावर बसलेल्या आमच्या पोरांची रोजची स्थिती गुगलने एका दिवसात अख्ख्या देशाला दाखवली.

गुन्हा काय, तर दहा कंपन्यांनी वाटा घातला नाही. ॲपमध्ये डिजिटल माल विकला की तेव्हा गुगलला 15 ते 30 टक्के द्यायचे. पैसे दुसऱ्या मार्गाने घेतले तरी 11 ते 26.

खेडकरांना हा हिशोब नवा नाही. खोताच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, गावात अर्धेलीचं कूळ निम्मं भात घाली, तिर्धेलीचं एक तृतीयांश. गुगलचा वरचा दर तिर्धेलीच्याही जरा खालीच. इतका दिलदार खोत रत्नागिरी जिल्ह्याने पाहिला नव्हता! बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती मोडण्याचं विधेयक मांडलं. खोती निर्मूलनाचा कायदा व्हायला 1949 उजाडलं. तिकडे खोत निदान गावात राहायचा, त्याच्या दारात जाऊन ओरडता यायचं.

गुगलची बाजूही ऐका. तीन वर्षं मुदत दिली, असं ते म्हणतात. सुप्रीम कोर्टाने 9 फेब्रुवारीला या कंपन्यांना अंतरिम दिलासा नाकारला होता, तेव्हा बेकायदा काही घडलं नाही. आणि काढून टाकण्याचा अधिकार हवाच. सप्टेंबर 2022 ते ऑगस्ट 2023 या काळात गुगलने दोन हजारांवर कर्जाची ॲप्स हटवली. पाच हजारांच्या कर्जापायी ज्याच्या मेव्हण्याला, मामेसासऱ्याला शिव्यांचे फोन गेले, त्याला विचारा हटवणं योग्य होतं का.

पण चोराला हाकलणं वेगळं आणि वाट्यावरून भांडणाऱ्याला हाकलणं वेगळं. इथे वाटा मागणारा गुगल, वाद ऐकणारा गुगल आणि सामान बाहेर फेकणाराही गुगल. गुगलचंच बिलिंग वापरण्याच्या सक्तीवरून स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये 936 कोटींचा दंड ठोठावला होता. 2025 मध्ये अपिलात तो 216 कोटींवर आला. घासाघीस आमच्या मासळीबाजारातही इतकी होत नाही.

मग केंद्रीय माहिती-तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव म्हणाले, ॲप्स अशी काढता येणार नाहीत. बैठक झाली, चार-पाच दिवसांत सगळी परत. पेटीएमला तर 2020 मध्ये काढलं त्याच संध्याकाळी परत घेतलं होतं. मोठ्यांचं जमतं हो! उद्या खेडच्या एखाद्या पोराने एसटीच्या वेळांचं ॲप केलं आणि गुगलच्या यंत्राने ते उडवलं, तर त्याच्यासाठी कुठला मंत्री बैठक लावणार? कारण विचारायचं तरी कोणाला?

त्याच मार्चमध्ये अशा बड्या कंपन्यांना आवर घालणाऱ्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला. पुढच्या वर्षभरात त्याचा कायदा झाला नाही. मंत्रिमहोदय, बैठका पुरे. फसवणूक असेल तर ॲप तासाभरात काढू द्या. वाट्याचा वाद असेल तर बाहेरचा निवाडा होईपर्यंत कोणालाही हात लावता येणार नाही, एवढं कायद्यात लिहा.